व्हिपल ऑपरेशननंतर: जुनी पद्धत की ‘इरास’?

मिरजेत पेशंट घेऊन येणाऱ्यांची पक्की समजूत असते: मोठं ऑपरेशन म्हणजे तोंडात पाण्याचा थेंब नाही, खाटेवरून हलायचं नाही. स्वादुपिंडाच्या व्हिपल ऑपरेशनची (स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याची सुरुवात काढून उरलेले भाग पुन्हा जोडायचे) जुनी पद्धत साधारण अशीच. आदल्या रात्रीपासून उपास, नाकातली नळी आणि पोटातला ड्रेन, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी, कितीतरी दिवस.

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी मांडलेल्या विचारातून ‘इरास’ (ERAS, ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा म्हणून आखलेली पद्धत) आलं. भुलीच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालतं, नाकातली नळी लवकर निघते, पेशंटला दुसऱ्याच दिवशी चालवतात. यानं मुक्काम घटतो.

पण संसर्गाचं मूळ बऱ्याचदा स्वादुपिंड-आतड्याच्या जोडातून गळणाऱ्या स्वादुरसात असतं, आणि चालण्यानं जोड सांधत नाही. तिथं ड्रेन महत्त्वाचा. त्यातल्या पाण्यात अमायलेज (स्वादुरसातलं पाचक द्रव्य) कमी असेल, म्हणजे जोड गळत नसावा, तर ‘इरास’मध्ये तो ३ दिवसांत काढतात, उगाच ठेवला तर जंतूंना आत यायला तीच वाट.

काविळीसाठी आधी पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) टाकला असेल, तर पित्तात बहुतेकदा जंतू असतात. मग अँटिबायोटिक कोणतं, हा प्रश्न दोन्ही पद्धतींत उरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, याच ऑपरेशनवरच्या चाचणीत सेफॉक्सिटिनऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिल्यावर शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग सुमारे ३३ टक्क्यांवरून २० वर आला.

माझा कौल ‘इरास’ला. फक्त जत-आटपाडीसारख्या लांबच्या भागातल्या पेशंटला लवकर घरी सोडताना, रात्री थंडी वाजून ताप आला तर फोन कुणाला करायचा, हे आधी लिहून घ्या.