नरसोबावाडी ते येडूर, एका दिवसात कृष्णाकाठ: या टूरला जावं का?

मागच्या महिन्यात आईला घेऊन ही एक दिवसाची गाईडेड टूर केली. जयसिंगपूर स्टेशनवरून पिकअप, मग नरसोबावाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर आणि शेवटी हद्द ओलांडून कर्नाटकातलं येडूर. माणशी 1100 रुपये, त्यात गाडी, गाईड आणि दुपारचं जेवण. चालवणारी शिरोळ तालुक्यातली दोन-तीन पोरं आहेत, नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोड्या तक्रारीपण आहेत, पण आधीच सांगते, जा. खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाचे फोटो आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेत, पण ते देऊळ या नदीच्या पट्ट्याचं आहे, एकट्याचं नाही, हे मला तिथं जाऊन कळलं.

वाडीला फार लिहीत नाही, बहुतेक जण दत्तदर्शनाला जाऊन आलेले असतात. पण कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या देवळाला शिखर नाही हे माझ्या इतक्या वेळा जाऊनही लक्षात आलं नव्हतं. परंपरेनं असं सांगतात की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला इथं दृष्टी परत मिळाली म्हणून त्यानं हे बांधून दिलं. पावसाळ्यात पाणी चढलं की पादुकांवरून जाऊन दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि पूर आला म्हणून घाबरायच्या ऐवजी तिथं स्नानाला गर्दी होते. गाईडनं हे सगळं घाटाच्या पायरीवर बसून सांगितलं, पाणी कुठवर येतं ते हातानं दाखवत. कवठाची बर्फी घ्यायला वेळ दिला, बरं केलं.

कुरुंदवाड मात्र उरकलं गेलं. गाडी सकाळीच तासभर उशिरा आली आणि तो तास बरोबर इथं कापला. संताजी घोरपड्यांची समाधी घाटावर आहे, ज्या सेनापतीनं औरंगजेबाच्या छावणीची झोप उडवली त्याच्यापुढं आम्ही जेमतेम पंधरा मिनिटं उभे राहिलो, मला ते फार लागलं. पटवर्धनांच्या संस्थानाबद्दल दोन वाक्यं, मशिदींमध्ये गणपती बसवायची इथली जी जुनी प्रथा आहे त्याबद्दल एक वाक्य, की चला गाडीत. या गावाला निदान दीड तास द्या रे.

आता खिद्रापूर. गाडीतून उतरलो तर गावातलं साधं देऊळ वाटतं, मग स्वर्गमंडपात पाय टाकला आणि आई एकदम बोलायची थांबली. 48 खांब, मधोमध छताला गोल मोकळी जागा आणि बरोबर तिच्या खाली तेवढीच गोल रंगशिळा. वर बघितलं की आकाश, आणि त्या गोलाच्या कडेनं दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांवर बसलेत. बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी काम केलं आणि पुढं देवगिरीच्या यादवांनी हातभार लावला. बाहेरून खालच्या थरात हत्तींची रांग आहे, 92 हत्ती, बऱ्याच जणांच्या सोंडा तुटलेल्या, तरी पाठीवर देऊळ घेऊन उभे. गाभाऱ्यात दोन शिवलिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर. सती गेल्यावर शंकर कोपला, त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर, अशी कथा. आणि समोर नंदी नाही!

नंदी कुठाय ते गाईड लगेच सांगत नाही, "ते संध्याकाळी बघू" म्हणतो, पोरं हुशार आहेत.

माझ्यासाठी दिवस वसूल झाला तो दक्षिणेकडच्या दाराशी. तिथं यादव राजा सिंघण दुसरा याचा शके 1136 चा शिलालेख आहे, भाषा संस्कृत, लिपी देवनागरी, देवाला गाव दान दिल्याचा. पण देवळातले बाकीचे लेख कानडीत आहेत. गाईडनं दगडाला हात न लावता मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरला, तसं सपाट दिसणाऱ्या दगडावर सावल्या पडल्या आणि अक्षरं अशी उठून आली की कुणीतरी आत्ता कोरलीत. माझी आई चिकोडीकडची, चौथीपर्यंत कानडी शाळा. एका कानडी लेखापुढं ती चष्मा पुसून वाकली, "हा ग असंल, हा न आहे बघ," असं बोट न टेकवता करत राहिली. पूर्ण शब्द एकही लागला नाही, जुनं कानडी आहे ते, पण दहा मिनिटं ती तिथून हलायला तयार नव्हती आणि गाईडपण टॉर्च धरून उभा, "काकू, सावकाश बघा, गाडी कुठं जात नाही."

मग ती आपणहून बोलायला लागली. 1956 च्या आधी बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही मुंबई राज्यातच, नंतर राज्य पुनर्रचना झाली आणि तिचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, सोयरीक मात्र दोन्हीकडं होतच राहिली. सीमाप्रश्नावर आपण टीव्हीवर भांडणं बघतो, ती खरी आहेत, माझ्या मामाच्या घरानं त्यातलं बरंच सोसलंय. पण त्या भिंतीवर संस्कृत आणि कानडी लेख आठशे वर्षं शेजारी आहेत आणि बघणारी बाई दोन्हीकडची, हे बघताना माझे डोळे भरून आले.

नदीवर गेलो तर समोरच्या काठाला जुगूळ, तिकडं कर्नाटक. 2019 ला इकडं पाणी देवळात शिरलं होतं. दरवर्षी कर्नाटकातलं आलमट्टी धरण, कुणी किती पाणी अडवलं, कुणी कधी सोडलं यावर दोन्ही राज्यं बोलतात, भिजतात ते दोन्ही काठ.

जेवण एका घरी होतं, भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी, खरडा, दही. उत्तम. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा.

दुसरी तक्रार. खिद्रापुरातच जुनं जैन मंदिर आहे, ते प्लॅनमध्ये लिहिलं होतं आणि वेळ नाही म्हणून वगळत होते. मी हट्टानं पळत जाऊन बघून आले. शिलाहारांच्या काळातला हा प्रदेश जैन परंपरा सोडून समजतच नाही, ते ऑप्शनल ठेवू नका. आणि वयस्कर माणसांसाठी स्वच्छ टॉयलेट कुठं मिळेल हे बुकिंगच्या वेळीच सांगायला पाहिजे.

येडूरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. वीरभद्राचं गाव. खिद्रापूरचा नंदी तो इथं, असं दोन्हीकडची माणसं मानतात. देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. आईनं नंदीच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारी बसलेल्या आजींशी कानडीत सुरू झाली, कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, दोन मिनिटांत ओळखीचं एक घर निघालंच. गाईडनं घड्याळ बघितलं पण हाक मारली नाही.

पावसाळा टाळा, सपाट चपला घाला, पाणी सोबत ठेवा. त्रिपुरी पौर्णिमेला रात्री स्वर्गमंडपाच्या त्या गोलातून चांदणं खाली रंगशिळेवर येतं, त्यासाठी लोक मुद्दाम जमतात. आम्ही तीन सीट आत्ताच सांगून ठेवल्यात, तिसरी मामासाठी.