फ्लाय बांधायचा शेगडा: आठ महिन्यांनी, जबडा बदलून

गेल्या शनिवारी रात्री शेगड्याच्या जबड्याचा उजवा ओठ वाकून बाहेर आला, म्हणून आज लिहायला बसलो. फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं दोऱ्याने बांधून केलेलं खोटं आमिष, आणि बांधताना गळ जबड्यात धरून ठेवतो तो शेगडा. माझा फिरता शेगडा, लिव्हरचा, टेबलाला आवळायचा, २,४०० रुपये. बाकी माहिती जाहिरातीत आहेच.

मी खाडीत गरवतो. तांबोशी आणि जिताड्यासाठी मला क्लाउझर मिनो लागतात. बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीतल्या बास माशासाठी हा फ्लाय बसवला, पण आपल्या तिवरांच्या मुळांसाठीच केलाय असं वाटावं. धातूचे जड डोळे गळाच्या दांडीवर बांधले की पाण्यात फ्लाय उलटा होतो, टोक वर राहतं आणि मुळांत कमी अडकतं. तरी तांबोशी एकदा मुळांत घुसली की फ्लाय गेलाच. विकतचे असे किती घालवणार?

हे डोळे बांधतानाच शेगडा दगा देतो. दोरा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, फुलीसारखा तिरपा आवळत जायचा. ताण कमी पडला तर डोळे गोल फिरतात. आणि दहाव्या-बाराव्या वेढ्याला ‘टक्’ आवाज येतो, १/० चा मोठा गळ मान टाकतो, दोरा सैल पडतो. सगळं उसवून पहिल्यापासून. एका संध्याकाळी तीन वेळा हेच झालं.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. पहिलं उत्तर आलं, लिव्हर नीट आवळा. दुसरं, मोठे गळ वापरू नका. जाहिरातीत त्याहून मोठ्या ४/० पर्यंत चालतो असं स्पष्ट लिहिलंय! तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. कष्टाचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल असं ऐकून घ्यायचं, याचा संताप अजून आहे.

माझीही एक चूक होती, ती सांगतो. जून-जुलैत रोज बांधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी गळ टोकाजवळ पकडतोय. पकडायचा तो गळाच्या बाकाच्या, म्हणजे वळणाच्या, खालच्या भागात, आणि गळाची जाडी बदलली की आधी स्क्रू जुळवून घ्यायचा. तेवढ्याने ८ नंबरचे छोटे गळ पक्के बसले. मोठे घसरतच राहिले.

फिरतं डोकं म्हणजे उगाच खर्च, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होतो. ते मत मागे घेतो. फ्लायच्या डोळ्यांवर इपॉक्सी गोंद लावून शेगडा हळूहळू फिरवत राहिलं की थेंब एका बाजूला ओघळत नाही, काचेसारखा गोल बसतो. हे मात्र अप्रतिम आहे.

सामान बहुतेक घरचंच. बोकडाचे लांब केस, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं साबणाने धुऊन सावलीत वाळवलेली. रानकोंबड्याची पिसं कोणी देऊ केली तरी घेऊ नका. मेणासारख्या ठिपक्यांची ती पिसं जुन्या सॅमन फ्लायमध्ये असत, पण हा सह्याद्रीतला पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

वाकलेला जबडा घेऊन लेथवाल्या काकांकडे गेलो. गळाच्या तारेने आतून चर पाडला होता. त्यांनी कानस लावली, ती चरचरत आत गेली. ‘‘अहो, ह्याला पाणीच दिलेलं नाही,’’ काका म्हणाले, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक केलेलंच नव्हतं. इतके महिने स्क्रूशी झटत होतो, आणि दोष पोलादात होता! त्यांनी चांगल्या पोलादाचे नवे जबडे घडवले, लाल तापवून तेलात विझवले, मग पुन्हा मंद शेक दिला. ३५० रुपये घेतले. काल रात्री २/० वर सहा क्लाउझर बांधले, एकही गळ हलला नाही.

दुकानात जाऊन घेणार असाल तर तुमचा मोठ्यातला मोठा गळ खिशात न्या. जबड्यात आवळा आणि दोरी ओवायच्या भोकाशी बोटाने दाबा. गळ लवून परत वर आला तर घ्या. खालीच राहिला तर तो शेगडा तिथेच ठेवा.