२०१४च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२: एका मुद्रितशोधिकेचा अनुभव

माझ्या लॅपटॉपचं वय बघता तो अजून चालतो हेच खूप. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, एक बिजागरी ढिली. पण मला लागतं किती? वर्डच्या फायली, प्रुफांच्या पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले दोन-तीन कोश. अडचण आली ती १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा अधिकृत आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपल्यावर. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आडमार्गाने बसवून देणारे भेटतात, पण कामाच्या मशीनवर मला आडमार्ग नको होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक्स्चेंजमध्ये टाका." पुण्याचा भाचा म्हणाला, "मावशी, आधी मिंट टाकून बघ, फुकट आहे." लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम.

मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. चार जीबी रॅम असेल तर सरळ एक्सएफसीई घ्या. दिसायला साधं आहे, पण सुरू झाल्यावर मेमरी कमी खातं. मिंट २२ची बैठक उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीची, आणि सुरक्षेचे अपडेट २०२९पर्यंत मिळणार आहेत. मला याच आकड्यात रस होता. आणखी एक आधीच सांगते. माझ्याकडे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आधीच बसवलेली होती. तुमच्याकडे अजून ती जुनी डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. त्याशिवाय मिंट काय नि आणखी काय, सगळं रडतखडतच चालेल.

मिंटची जवळपास तीन जीबीची फाइल उतरवून घ्यायची, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. इथे मला मिंट मनापासून आवडलं. डिस्कला हातही न लावता आख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्याची बटणं, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं मी तिथेच तपासलं. साडी घेण्याआधी दुकानाबाहेर उजेडात नेऊन रंग बघतात, तसं.

आणि तिथेच कळलं की वाय-फाय नाही. नेटवर्कच्या यादीत शेजाऱ्यांचंसुद्धा नाव नाही. माझ्या लॅपटॉपमधल्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) बंदिस्त प्रकारचा, म्हणजे कंपनीने खुला न केलेला आहे, तो लिनक्समध्ये आपोआप चालू होत नाही; तो बसवायचा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय येत नाही. यातून सुटायला फोन पुरतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं; मिंट त्याला तारेचं नेटवर्क समजतं, काहीही बसवावं लागत नाही. मग मिंट डिस्कवर बसवल्यावर मेनूतला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने चिप ओळखून ड्रायव्हर सुचवला, मी तो निवडला. केबल नसली तरी चालतं म्हणे: अशा काही चिप्सचे ड्रायव्हर मिंटच्या पेनड्राइव्हवरच असतात, ड्रायव्हर मॅनेजरला तो पेनड्राइव्ह दाखवायचा.

पुढची पायरी कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. सिक्युअर बूट (खात्री न पटलेला प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबा म्हणतो. दहा सेकंद थांबतो, मग आपला पुढे निघून जातो. ती वेळ चुकली तर ड्रायव्हर बसलेला असूनही वाय-फाय मेलेलंच राहतं, आणि माणूस ड्रायव्हरलाच शिव्या देत बसतो. कळ दाबायची, 'एनरोल मॉक' (मशीनच्या मालकाची किल्ली नोंदवा) निवडायचं, पुढे जायचं, होकार द्यायचा, तोच पासवर्ड घालायचा. नंतर हा पडदा परत येत नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय बरेच जण सुचवतात. चालतो, पण मला तो पटत नाही.

विंडोज मी पूर्ण काढलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायची असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. मग त्याच्या भागातल्या फायली मिंटमधून नुसत्या वाचता येतात, त्यात बदल जतन होत नाहीत. दुसरं घड्याळाचं. मिंटवरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे! लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ मानतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने यंत्रातलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की मिटतं.

आता मराठी. कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठी कगप नावाचा मराठी आराखडाही आहे. मी इन्स्क्रिप्टवाली. 'ळ' जागेवर आहे, 'दुसऱ्या'मधला अर्धा र शिफ्ट-जे दाबून नीट येतो. लिब्रेऑफिस सोबतच मिळतं; बदलांची नोंद ठेवून केलेलं संपादन वर्डवाल्या लेखकांना पाठवलं, त्यांना काही वेगळं दिसलं नाही. फक्त तक्ते नि पानाची मांडणी कधी कधी हलते, ते डोळ्यांखालून घालावं लागतं. प्रुफांवर शेरे लिहायला ओक्युलर हे पीडीएफचं सॉफ्टवेअर बसवलं, ते उत्तम आहे.

जिथे मिंट कामाचं नाही तेही सांगते. आमच्या धंद्यात अजून युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर येतो. तो फॉन्ट मिंटमध्ये टाकला तर वाचता येतो, पण त्यात टंकायचं जे सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे ते विंडोजवरच चालतं. त्या कामापुरतं विंडोज ठेवलंय, इंटरनेट तोडून. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किंवा इनडिझाइनवर पानं लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. बाकी पत्रव्यवहार, लेखन, बँक, सातबारा काढणं एवढंच करणाऱ्याला विंडोजची आठवण येणार नाही.

मिंट बसवल्यावर पहिल्याच दिवशी त्यातलं टाइमशिफ्ट चालू करा. एखाद्या अपडेटने घोटाळा केला तर सिस्टीम आधीच्या स्थितीला नेता येते. तुमच्या फायलींची प्रत मात्र त्यात आपोआप जात नाही, ती वेगळ्या डिस्कवर ठेवायची.

ब्राउझरमध्ये खूप टॅब उघडले की चार जीबी अजूनही कमी पडतात. रॅमची आणखी एक पट्टी घ्यायची आहे. माझ्यासारखा चौथ्या पिढीचा लॅपटॉप असेल तर साधी डीडीआर३ नको, डीडीआर३एल मागा, १.३५ व्होल्टची. दुकानात दोन्ही शेजारी शेजारीच ठेवलेल्या असतात.