वर्षावनातल्या मोकळ्या जागेत आठ महिने सोडार: यंत्र चांगलं, फोम घातकी

सोडार म्हणजे आवाज वर सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून निरनिराळ्या उंचीवरचा वारा मोजणारं यंत्र. 4500 हर्ट्झ, 16 अंश कलते बीम (आवाजाचे झोत), 10-10 मीटरचे थर, 200 मीटरपर्यंत पल्ला. यंत्राची ओळख एवढी पुरे, आता थेट त्याभोवतीच्या कुंपणात आवाज शोषण्यासाठी लावलेल्या फोमबद्दल.

तिसऱ्या महिन्यात 60 मीटरच्या थरातला वारा मंदावला. शंकाही आली नाही, कारण 35 मीटर उंच झाडांच्या माथ्यावर घर्षणाने वारा मंदावणारच. खोटा आकडा खरा वाटावा अशी ही जागा आहे. 5 मीटर प्रतिसेकंद वाऱ्याने कलत्या बीममध्ये जेमतेम 36 हर्ट्झचा डॉप्लर फरक (वाऱ्यामुळे प्रतिध्वनीच्या वारंवारितेत होणारा बदल) पडतो. तिथे 60 मीटर अंतरावरच्या झाडाचा स्थिर प्रतिध्वनी मिसळला की सरासरी शून्याकडे ओढली जाते. पण मनोऱ्यावरच्या सॉनिक ॲनिमोमीटरशी (जागच्या जागी वारा मोजणाऱ्या उपकरणाशी) ताडून पाहिलं तेव्हा फरक उघड झाला.

आधी दोष सिकाडा कीटकांवर ढकलला. तो चुकीचा होता. सिकाडांच्या किर्र आवाजाने संध्याकाळी वरच्या थरांचे आकडे गळतात, कारण पार्श्वगोंगाट वाढतो. त्याच वेळी हवा तटस्थ होऊन, म्हणजे जमिनीकडून तापणं-थंडावणं थांबून, तापमानाची चढउतार विरते, मग ध्वनी परतवायला काही उरत नाही. ती रिकामी जागा रिकामीच ठेवावी, तिला शांत वारा समजू नये. खालच्या एकाच थरात तीव्रता जास्त आणि वेग शून्याजवळ असेल, तर ते झाडच.

खरं कारण कुंपणाच्या आतला फोम. उघड्या छिद्रांचा हा फोम पाऊस पितो आणि इथल्या हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. भिजला की आवाज शोषत नाही, बाजूला सांडलेला आवाज झाडांवर आदळून परततो. सेवाकेंद्राने "यंत्र जलरोधक आहे" एवढंच कळवलं आणि फोमची फळी सुटी न देता अख्खं कुंपण बदलण्याचा खर्च सांगितला. चार फळ्यांसाठी एवढा पैसा घालणं निव्वळ उधळपट्टी आहे, हे ठासून सांगावंसं वाटतं.

उपाय स्वस्त निघाला. फोम काढून पिळून सावलीत वाळवा. पुढून पातळ पॉलिथिनचं आवरण सैल लावा, ताणून लावलं तर ते ढोलासारखं घुमतं. खालची कड तळापासून बोटभर उचला, निचऱ्याची छिद्रं मुंग्यांच्या मातीने बुजत नाहीत ना, हे दर पंधरवड्याला पाहा. मग यंत्र थोडं फिरवा, म्हणजे कलते बीम सर्वांत जवळच्या झाडांच्या दिशेने जाणार नाहीत. हे सगळं केल्यावर 60 मीटरचा थर सॉनिकशी पुन्हा जुळला.

यानंतर यंत्राबद्दलचं मत बदललं. दमट हवेत हा उच्च वारंवारितेचा आवाज कोरड्या हवेपेक्षा कमी शोषला जातो, त्यामुळे रात्री 200 मीटरपर्यंत आकडे येतात. ॲमेझॉनमधल्या 325 मीटर उंच ॲटो या संशोधन मनोऱ्यासारखी सोय नसेल तिथे एवढ्या उंचीचा वारा मिळणं फार मोलाचं आहे. पण पावसातला उभा वेग वापरू नका, तो थेंबांचा असतो. आणि माथ्यापासून साधारण दुपटी-तिपटीच्या उंचीपर्यंत लॉग सूत्र (उंचीनुसार वारा कसा वाढतो ते सांगणारं) लावू नका.