सर्व्हिस डॉगच्या नावाखाली ५,३८९ डॉलर गेले

लिहायची लाज वाटतेय, पण अमेरिकेत राहून मुलासाठी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, शोधणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे वाचावं.

माझ्या ९ वर्षांच्या मुलाला एपिलेप्सी आहे. फिट रात्रीच येते, म्हणून दोन वर्षं मी त्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपते. नावाजलेल्या संस्थांची वेटिंग लिस्ट काही वर्षांची. अशात एका 'ट्रेनिंग प्रोग्राम'वाल्याने सांगितलं, पाच आठवड्यांत कुत्रा देतो, फिट यायच्या आधी तो भुंकून उठवेल, गॅरंटी. मी अडाणी नाही. पण धड झोप न मिळालेल्या आईला कुणी गॅरंटी दिली की ती चौकशी करत बसत नाही.

अर्जाचे २५०. डिपॉझिट ३,५००. 'सरकारी रजिस्ट्रेशन', ओळखपत्र आणि जॅकेट १८९. शेवटी प्रवासाचा पिंजरा आणि विमा १,४५०. सगळे अ‍ॅपवरून, खात्यातून थेट. क्रेडिट कार्ड नको म्हणाले, तेव्हाच थांबा. मी थांबले नाही.

पण त्याही आधी कळायला हवं होतं. अर्ज एक पानाचा होता. मुलाचं नाव, वय, पत्ता आणि कुत्र्याचा रंग कोणता हवा. फिट कशी येते, किती मिनिटं टिकते, औषधं कोणती, काही म्हणजे काही विचारलं नाही. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र मी तयार ठेवलं होतं. त्यांची बाई फोनवर म्हणाली, "त्याची गरज नाही." आणि मला हायसं वाटलं! ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. ज्याला माझ्या मुलाचा आजारच माहीत नाही, तो कुत्र्याला शिकवणार काय?

ओळखपत्र मात्र पोस्टाने आलं. चकचकीत होलोग्राम, कुत्र्याचा फोटो. मुलगा ते उशाखाली घेऊन झोपायचा. कुत्रा आलाच नाही, फोन बंद.

१९९० च्या एडीए कायद्यात, म्हणजे अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्यात, असं रजिस्ट्रेशन नाहीच. ना कार्ड लागतं, ना जॅकेट. कुत्रा आत नेताना दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: अपंगत्वामुळे कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कार्ड विकणारा दिसला की उठून चालू लागा. फिट आल्यावर मदत आणणं, जवळ थांबणं कुत्र्याला शिकवता येतं. आधी ओळखण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. हे मला न्यूरॉलॉजिस्टनेच सांगितलं, पैसे गेल्यावर.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, बटण तुम्हीच दाबलं. केंद्राच्या ग्राहक खात्याने तक्रार नोंदवली आणि कळवलं की एकेकट्याची प्रकरणं ते सोडवत नाहीत. राज्याच्या खात्याने एक पत्र धाडलं, ते 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत आलं, फाईल बंद! चार ठिकाणी तीच कहाणी, तेच स्क्रीनशॉट, आणि चारही ठिकाणी विचारलं, "तुम्ही आधी चौकशी का नाही केली?" अहो, मी चोर नाही. चोराचा खाते क्रमांक तुमच्या हातात दिलाय मी.

संस्था धर्मादाय म्हणवत असेल तर तिचं नाव आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, यादीत शोधा. असे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थांना मान्यता देणाऱ्या असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलची मान्यता आहे का, तेही त्यांच्याच यादीत बघा, संस्थेच्या शब्दावर जाऊ नका.

आता मान्यता असलेल्या संस्थेत अर्ज केलाय. अर्ज १४ पानी. डॉक्टरांचं पत्र, घराची पाहणी, फिटचा व्हिडिओसुद्धा मागितला. तीन वर्षं लागतील म्हणाले. गादी अजून जमिनीवरच आहे.