एसटी की स्कूटी?

विदर्भात विद्यापीठाची नोकरी म्हणजे एकाच इमारतीत बसणं नव्हे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचंच घ्या, कार्यक्षेत्र अख्खे ११ जिल्हे! माझं गणित त्यामानाने लहान: तीन दिवस इथं, दोन दिवस साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॅम्पसला.

स्कूटीचं सुख एकच, पण मोठं. शेवटचं प्रॅक्टिकल लांबलं तरी घड्याळाकडे बघावं लागत नाही. मात्र मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून निघायचं आणि पोहोचल्यावर अर्धा तास नुसतं पंख्याखाली बसायचं. पेट्रोलचा खर्च वेगळाच.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खिडकीची जागा मिळाली की उद्याच्या तासाची टिपणं काढून होतात, नाहीतर सरळ डुलकी. पण पाचची गाडी चुकली की साडेसातपर्यंत फाट्यावरची चहाटपरीच आपलं ऑफिस.

तरी मी एसटीच धरते. अडचण सामानाची आहे. लॅपटॉप, जर्नलं, डबा, पाण्याची बाटली, सगळं खांद्यावर. तिकडे कुलपाचं एक कपाट मिळालं तर निम्मं ओझं उतरेल. सध्या माझं कपाट म्हणजे स्टाफरूमच्या कोपऱ्यातलं पुठ्ठ्याचं खोकं. मागच्या पावसाळ्यात त्यातली सहा जर्नलं उंदरांनी तपासली, तीही कडेकडेनं!

अर्ज दोनदा दिलाय. पोच आहे माझ्याकडे.