इनटेक बदलायचा, पण कोणता? मुंबईत फिरणाऱ्या गाडीसाठी

धाकट्या मामेभावाने फेब्रुवारीत जुनी मस्टँग घेतली. जीटी, पाच लिटरचं व्ही-८, हवा दाबून भरणारा टर्बो नाही. पेढे वाटून झाले, सोसायटीतल्या पोरांचे सेल्फी झाले आणि आठव्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, इनटेक कुठला टाकू?" इन्शुरन्स अजून नावावर व्हायचा होता, पण इनटेकची, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या फिल्टर-पाइपची, घाई.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. हाच प्रश्न ऑक्टेव्हिया आरएसवालेही विचारतात आणि पोलो जीटीवालेही.

आधी एक हिशेब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. पाच लिटरच्या इंजिनाला ७,००० आरपीएमवर, पेडल पूर्ण दाबलेलं असताना, मिनिटाला साधारण १७,५०० लिटर हवा लागते. तिथे फिल्टर आणि पाइपची अडचण होऊ शकते, आणि जाहिरातीतले जादा बीएचपी मिळालेच तर तिथेच मिळतात. साकीनाक्याला १,२०० आरपीएमवर सरकताना मात्र थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. इंजिनाचा गळा आपणच पायाने आवळून धरलेला असतो. त्याच्या अलीकडे कितीही मोकळा फिल्टर लावा, आत हवा जायची तेवढीच जाते. म्हणून 'मायलेज वाढेल' हे दुकानातलं वाक्य या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९मध्ये उलटा प्रयोग केला होता, मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर गाड्या चालवून पाहिल्या. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मायलेजला म्हणावा असा फरक पडला नाही. पिकअप मात्र मंदावला.

आणि मुंबईत पेडल पूर्ण दाबायचं कुठे? सी लिंकला ८०ची मर्यादा, अटल सेतूला १००, एक्स्प्रेसवेला सपाटीवर १०० आणि घाटात त्याहून कमी. चारशे बीएचपीच्या गाडीत पाच-दहा वाढले तर पाठीला कळतसुद्धा नाही. कळतो तो आवाज. इनटेक घेताना आपण नव्वद टक्के आवाज विकत घेतो, हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. आवाजासाठी किती उष्णता, किती धूळ आणि किती पाणी पत्करायचं, एवढंच उरतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दिसायला भारी तो ओपन कोन. कंपनीचा फिल्टरचा डबा काढायचा, पाइपच्या टोकाला उघडा कोन फिल्टर लावायचा, की बोनेट उघडल्यावर मित्र 'वा' म्हणतात. घशातून हवा ओढल्याचा आवाजही पहिल्याच दिवशी मिळतो. पण तो फिल्टर हवा घेतो कुठली? इंजिनाच्या शेजारची, तापलेली. हवा दर तीन अंशाला साधारण एक टक्का विरळ होते. बाहेर ३५ अंश असताना कोनला ६५ अंशांची हवा मिळाली, तर तिच्यातला ऑक्सिजन सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. मोकळ्या फिल्टरने कमावलेलं सगळं गेलं आणि वर पदरचं घालावं लागलं. वाहत्या रस्त्यावर हा त्रास कमी असतो, पण कलानगरचा सिग्नल सुटल्यावर ज्या क्षणी गाडी पळावीशी वाटते, नेमकी तेव्हाच ती जड लागते. तापलेल्या हवेमुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी खटखट, होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीही उशिरा देतो, आणि ताकद आणखी घटते. टर्बो गाडीत कॉम्प्रेस झालेली हवा पुढे इंटरकूलरमधून गार होऊन जाते, त्यामुळे तिथे हे थोडं खपून जातं. मस्टँगसारख्या गाडीत नाही.

सोबत पत्र्याची हीट शील्ड येते, तिला फार भुलू नका. तिची कड बोनेटच्या आतल्या बाजूला रबराने नीट बसली तर उपयोग. नाहीतर उघड्या दाराच्या खोलीत एसी लावल्यासारखं.

खाली उतरणारा कोल्ड एअर इनटेक हा गरम हवेवरचा खरा उपाय. लांब पाइप मडगार्डच्या आत किंवा बंपरमागे उतरतो आणि फिल्टर बाहेरच्या गार हवेत बसतो. ट्रॅकवर, कोरड्या गावात, उत्तम. आपल्याकडे जून येतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तो अपवाद म्हणून सोडून देऊ. पण हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे, किंग्ज सर्कल इथे पाणी साचायला तेवढा पाऊस कधीच लागला नाही. कंपनीचा स्नॉर्कल, म्हणजे हवा आत घ्यायचं तोंड, बहुतेक गाड्यांत वर, बोनेटच्या उंचीला, जाळीमागे असतो. तो तिथे उगाच ठेवलेला नसतो. फिल्टर खाली आला की रस्त्यावरचं पाणी आणि इंजिन यांच्यात वीतभर अंतर उरतं. समोरून आलेल्या बेस्टच्या बसची लाटही पुरते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, आत पाणी असतं, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग टो, मग सिलिंडरच्या आत ओरखडे, मग एक असा आकडा की त्यात दुसरी बरी गाडी यावी. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आणि कंपनीला न कळवता केलेला बदल सर्व्हेयरच्या नजरेस पडला, तर तिथून वाद सुरू. पाइपमध्ये बसवायचा बायपास व्हॉल्व्ह मिळतो, खालचं तोंड बुडालं की तो वरून हवा घेऊ देतो. पण तो टर्बो गाड्यांसाठी नाही आणि सबवेत शिरायचा परवानाही नाही.

ड्रॉप-इन पॅनल फिल्टर म्हणजे डबा कंपनीचाच, फक्त आतल्या कागदाच्या जागी धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर. १९६९मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली के अँड एन, इटलीची बीएमसी (नाव ऐकून हसू नका, ही खड्डे बुजवणारी नव्हे) यांचे बहुतेक गाड्यांसाठी मिळतात. काही हजारांचं काम, दहा मिनिटांत बसतं. आवाज किंचित भरीव होतो. ताकद वाढली असं कुणी शपथेवर सांगितलं तरी मान डोलवा आणि पुढे जा.

यात एक मेख आहे आणि ती मी स्वतः भोगलीय. तेल लावायचे कॉटनचे फिल्टर धुऊन, वाळवून, बेताचं तेल मारून बसवायचे असतात. माझ्या आधीच्या गाडीचा फिल्टर एका गॅरेजमधल्या पोराने धुतला आणि मनापासून तेल पाजलं. चार दिवसांनी चेक लाइट. स्कॅनर लावला तर पी०१७१ हा कोड, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आत जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर स्क्रू काढून बाहेर घेतला. आत केसासारखी बारीक, तापवलेली तार असते, तिच्यावरून हवा किती गेली हे तिच्या गार होण्यावरून मोजलं जातं. त्या तारेवर चहाच्या रंगाचा चिकट थर होता आणि त्यात धुळीचे कण अडकलेले. गादीत गुंडाळलेल्याला थंडी वाजत नाही, तसं त्या तारेला हवा कळेनाशी झाली होती. एमएएफ क्लीनरचे दहा-बारा फवारे, हात लावायचा नाही, अर्धा तास वाळवणं. वॉचमन स्टुलावर बसून सगळं बघत होता. इंजिन पुन्हा सुरू केल्यावर तोच म्हणाला, "आता हुंदके देत नाही."

तेव्हापासून मी तेल नसलेला, कोरडा पॅनल फिल्टर सुचवतो. मुंबईत चहूकडे मेट्रो आणि रीडेव्हलपमेंटची धूळ आहे. बारीक धूळ अडवण्यात कागद सहसा सरस असतो, त्याच्या पाठोपाठ कोरडा सिंथेटिक. खरं तर नवा, कंपनीचाच कागदी फिल्टर लावणं हादेखील पर्याय आहे. सेकंडहँड गाडीत आधी तोच करावा. मामेभावाच्या मस्टँगमधून निघालेल्या फिल्टरच्या घड्यांत पिंपळाचं अख्खं पान होतं.

राहिला बंद डब्याचा इनटेक, बहुतेकदा कार्बन फायबरचा. कोन फिल्टर असतो, पण झाकणासकट डब्यात, आणि हवा कंपनीच्याच वरच्या तोंडातून येते. उष्णता आणि पाणी दोन्हींची काळजी कमी, आवाज कोनच्या जवळ जाणारा. अडचण फक्त पैशांची. इंग्लंडच्या इव्हेंट्युरीसारख्या नावांचे किट ड्यूटी धरून लाखाच्या वरच जातात.

मस्टँगसाठी किट बघताना 'ट्यून लागतो की नाही', म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं का, ही ओळ आधी शोधा. काही किटमध्ये सेन्सर बसतो ती नळी मूळ नळीपेक्षा रुंद असते. तेवढीच हवा रुंद नळीतून संथ जाते, सेन्सरला ती कमी वाटते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. ट्यून न करता असा किट चालवणं म्हणजे वर सांगितलेला पी०१७१ पैसे देऊन घरी आणणं. ट्यूनरचे पैसे किटच्या किमतीत धरूनच तुलना करा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर इनटेकचा रकाना नसतो, पण मरीन ड्राइव्हला रात्री अडवल्यावर ही चर्चा हवालदाराशी करायची तयारी ठेवा. काही किटवर कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा ईओ क्रमांक असतो, तो इथे दाखवून उपयोग नाही. ड्रॉप-इनमध्ये बाहेरून काही दिसतच नाही. आणि काहीही बसवलं तरी कंपनीचा डबा भंगारात देऊ नका. फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, मस्टँगचा साधा क्लिपसुद्धा बाहेरून मागवावा लागू शकतो.

तर ज्याची गाडी बारा महिने मुंबईत फिरते, त्याने कोरडा ड्रॉप-इन घ्यावा. आवाजाशिवाय झोपच येत नसेल तर पैसे साठवून बंद डबा. ओपन कोन फक्त फोटोसाठी. खाली उतरणारा इनटेक कुणी फुकट दिला तरी दिवाळीनंतर लावा आणि मेअखेर काढा.

मामेभावाने कोरडा पॅनल लावला. परवा रात्री मला कोस्टल रोडच्या बोगद्यातून घेऊन गेला. काचा खाली, वेग साठच्या आत, गिअर मुद्दाम एक खालचा. बाहेर पडल्यावर वरळीकडे वळताना विचारतो, "दादा, पण तो कार्बनचा डबा..."

म्हटलं, गणपती होऊ दे.